घरचा लिनक्स डेस्कटॉप लांबून वापरायचा तर

सांगलीच्या घरी माडीवरच्या खोलीत माझा पीसी असतो. त्यात १६ जीबी रॅम, दोन हार्ड डिस्क आणि गेल्या काही वर्षांचं माझं सगळं काम आहे. सोमवार ते शुक्रवार मी पुण्यात असतो आणि जवळ एक हलका, साधा लॅपटॉप असतो. त्या लॅपटॉपवर एक खिडकी उघडली की आत घरचा डेस्कटॉप दिसतो. तेच फोल्डर, तोच ब्राउझर, काल रात्री अर्धवट सोडलेली तीच फाइल. लॅपटॉप चोरीला गेला किंवा पडून फुटला तरी काम घरीच सुरक्षित राहतं. माझ्यासाठी हा फार मोठा दिलासा आहे.

हे जुळवायला मला सुरुवातीला तीन रविवार लागले. तेवढा वेळ लागायचं काही कारण नव्हतं, फक्त माझा क्रम चुकला होता. मी आधी चित्र आणायच्या मागे लागलो आणि टर्मिनलचं, म्हणजे कमांड लिहायच्या खिडकीचं, साधं दार नंतर बघू म्हटलं. खरं तर ते दार आधी पक्कं करायचं असतं. चित्र अडकलं तर टर्मिनलमधून दुरुस्त करता येतं, पण टर्मिनलच बंद पडलं तर घरी कोणाला तरी फोन करावा लागतो.

तसा फोन मी केलेला आहे. पुण्यात बसून घरच्या पीसीवर फायरवॉल, म्हणजे बाहेरून कोणाला आत घ्यायचं ते ठरवणारा पहारा, चालू केली. चालू असलेली एसएसएच (लांबून टर्मिनल वापरायची कूटबद्ध) जोडणी तुटू शकते, पुढे जाऊ का, असं तिने विचारलं. मी घाईत हो म्हटलं. हातातली जोडणी तशीच चालू राहिली, म्हणून सगळं ठीक आहे असं वाटलं. सकाळी पुन्हा जोडायला गेलो तर दार बंद. नवीन जोडणीला परवानगी देणारा नियम मी घातलाच नव्हता. मग आईला माडीवर पाठवलं, मॉनिटर चालू करायला लावला आणि फोनवरून एकेक अक्षर सांगायला लागलो.

‘‘सुडो लिही. एस, यू, डी, ओ. मग स्पेस.’’

‘‘लिहिलं. पुढे?’’

पुढचं सगळं नीट झालं. एंटर मारल्यावर पासवर्ड विचारला आणि ती थांबली. ‘‘अरे, मी टाइप करतेय पण काहीच उमटत नाही. साधे टिंबसुद्धा नाहीत.’’

‘‘तिथे काहीच उमटत नसतं. पूर्ण टाइप कर आणि एंटर मार.’’

तिने मारलं, आणि ‘रूल ॲडेड’ अशी ओळ आल्याचं वाचून दाखवलं.

या लेखातल्या कमांड मी त्या दिवशी आईला सांगितल्या तशाच, उच्चाराप्रमाणे लिहितो आहे. टर्मिनलमध्ये त्या इंग्रजीत, लहान लिपीत टाइप करायच्या. आकडेही इंग्रजीच. मोठं अक्षर लागेल तिथे तसं सांगेन. शब्दांमध्ये जागा दिसली की स्पेस. आडवी रेघ, तिरकी रेघ आणि टिंब ही चिन्हं जशी दिसतात तशीच टाकायची. सुरुवातीचा सुडो म्हणजे पुढचं काम व्यवस्थापकाच्या अधिकाराने कर. पासवर्ड टाइप करताना काही उमटलं नाही तरी घाबरू नका.

पुढचं सगळं उबुंटू, डेबियन आणि लिनक्स मिंट यांच्यासाठी आहे. हातातला लॅपटॉप विंडोजचा असो, मॅक असो किंवा लिनक्सचा, फारसा फरक पडत नाही.

काय हवंय ते आधी ठरवा

‘लांबून डेस्कटॉप’ म्हणताना लोकांच्या मनात दोन वेगळ्या गोष्टी असतात. एकात घरच्या मॉनिटरवर जे दिसतंय तेच तुम्हाला दिसतं आणि तुम्ही माउस हलवला की तिथला बाणही हलतो. वडिलांना एखादी सेटिंग दाखवायची असेल तर हे हवं. दुसऱ्यात घरचा मॉनिटर बंद असला तरी चालतं. पीसी तुमच्यासाठी एक स्वतंत्र, न दिसणारा पडदा तयार करतो आणि तो फक्त तुमच्या लॅपटॉपवर येतो. रोजच्या कामाला हा दुसरा प्रकार बरा, आणि हा लेख त्याच्याबद्दल आहे.

लिनक्सच्या जगात ही कल्पना जुनीच आहे. पडद्यावर खिडक्या काढणारी एक्स विंडो सिस्टीम १९८४ मध्ये अमेरिकेतल्या एमआयटीत सुरू झाली, आणि प्रोग्रॅम एका यंत्रावर चालावा नि खिडकी दुसऱ्यावर दिसावी ही सोय तिच्यात पहिल्यापासून आहे. आजही एसएसएचमधून एखादी खिडकी तशी आणता येते. पण त्या पद्धतीत दोन्ही यंत्रांमध्ये सतत बारीक बारीक निरोपांची ये-जा चालते. घरातल्या घरात ते चालून जातं, सांगली ते पुणे अंतरावर मेनू उघडायचीही वाट बघावी लागते. शिवाय जोडणी तुटली की प्रोग्रॅमही बंद पडतो.

व्हीएनसी ही पद्धत १९९० च्या दशकात इंग्लंडमधल्या केंब्रिजच्या एका संशोधन प्रयोगशाळेत तयार झाली. ती पडद्याचं चित्र काढून पाठवते, त्यामुळे कुठेही चालते. तिच्या मूळ रूपात पासवर्डची पहिली ८ अक्षरंच धरली जातात आणि पुढची सगळी देवाणघेवाण उघड्यावर होते, हे मात्र विसरू नका. तिसरी आरडीपी, मायक्रोसॉफ्टची. हिच्यासाठी लागणारा प्रोग्रॅम विंडोजमध्ये आधीपासून असतो, ती व्हीएनसीपेक्षा हलकी वाटते, आणि एक्सआरडीपी हा मुक्त स्रोत प्रोग्रॅम टाकला की लिनक्सही तिच्या भाषेत बोलतो. नवख्या माणसाला मी डोळे झाकून एक्सआरडीपीच सुचवतो.

उबुंटू २४.०४ च्या सेटिंग्जमध्ये रिमोट डेस्कटॉप नावाची सोय तयारच असते, तीही आरडीपीच आहे. तुमचं काम तिच्यावर भागत असेल तर जरूर वापरा. पण ती आणि एक्सआरडीपी एकाच वेळी चालू ठेवू नका. दोघींना ३३८९ हाच पोर्ट, म्हणजे यंत्रात शिरायचं त्या क्रमांकाचं दार, हवा असतो.

पहिलं दार: एसएसएच

घरच्या पीसीसमोर बसून टर्मिनल उघडा आणि या दोन ओळी द्या:

सुडो एपीटी अपडेट
सुडो एपीटी इन्स्टॉल ओपनएसएसएच-सर्व्हर

डेबियन टाकताना रूटसाठी, म्हणजे सगळे अधिकार असलेल्या मुख्य खात्यासाठी, वेगळा पासवर्ड दिला असेल तर तुमचं खातं सुडोच्या यादीत नसतं आणि पहिलीच ओळ नाकारली जाते. तेव्हा रूट होऊन आधी ते खातं सुडो गटात घाला आणि एकदा लॉगआउट करून परत या.

आता पीसीचा पत्ता काढा:

होस्टनेम -आय

इथे रेघेनंतरचा आय मोठ्या लिपीतला हवा. लहान दिला तर भलताच पत्ता येतो. घरच्या राउटरवर बहुतेक वेळा १९२.१६८ ने सुरू होणारा आकडा दिसेल. समजा तो १९२.१६८.१.२० आहे. राउटरच्या पानावर जाऊन हा पत्ता या पीसीसाठी राखून ठेवा. नाहीतर वीज जाऊन आली की राउटर त्याला दुसराच पत्ता देऊ शकतो आणि तुम्ही रिकाम्या घराची बेल वाजवत बसता.

आता लॅपटॉपवरून, त्याच वायफायवर असताना:

एसएसएच तुमचंनाव@१९२.१६८.१.२०

विंडोज १० आणि ११ मध्ये हीच कमांड पॉवरशेलमध्ये चालते, वेगळं काही टाकावं लागत नाही. पहिल्या वेळी यंत्राची ओळख पटवणारा लांबलचक मजकूर येतो आणि पुढे जायचं का असं विचारलं जातं. तिथे येस हा शब्द पूर्ण लिहायचा, नुसता वाय चालत नाही. पासवर्ड दिला की तुम्ही घरच्या पीसीत आहात.

फायरवॉल चालू करायची असेल तर माझ्या अनुभवावरून क्रम असा ठेवा:

सुडो युएफडब्ल्यू अलाव २२/टीसीपी
सुडो युएफडब्ल्यू एनेबल

आधी परवानगी, मग फायरवॉल. आणि हे केल्यावर चालू असलेली खिडकी बंद न करता दुसरी खिडकी उघडून नव्याने जोडून बघा. जुनी जोडणी चालू आहे याचा अर्थ नवीन जोडता येईल असा होत नाही. मी नेमका इथेच फसलो होतो.

पडदा: एक्सएफसीई आणि एक्सआरडीपी

उबुंटूचा नेहमीचा ग्नोम डेस्कटॉप दिसायला देखणा आहे, पण त्यातल्या सावल्या, सरकत्या खिडक्या आणि ॲनिमेशन यांतला प्रत्येक बदल तारेवरून पाठवावा लागतो. एक्सआरडीपीबरोबर तो कुरबुरीही करतो. एक्सएफसीई हा हलका डेस्कटॉप इथे फार चांगला. मिंटची एक्सएफसीई आवृत्ती वापरत असाल तर तो तुमच्याकडे आहेच. इतरांनी तो आताच्या डेस्कटॉपच्या जोडीला टाकावा:

सुडो एपीटी इन्स्टॉल एक्सएफसीई४ एक्सएफसीई४-गुडीज डीबस-एक्स११

मध्येच लॉगिनचा पडदा कोणता ठेवायचा असं विचारलं, तर आधीचा आहे तोच ठेवा. घरच्या मंडळींना सकाळी पीसी लावल्यावर नेहमीचाच चेहरा दिसलेला बरा.

आता मुख्य गोष्ट:

सुडो एपीटी इन्स्टॉल एक्सआरडीपी
सुडो ॲडयूजर एक्सआरडीपी एसएसएल-सर्ट
सुडो सिस्टीमसीटीएल रीस्टार्ट एक्सआरडीपी

दुसरी ओळ गाळू नका. एक्सआरडीपीला जोडणी कूटबद्ध करण्यासाठी एका गुप्त किल्लीची फाइल वाचावी लागते, आणि ती वाचायची मुभा एसएसएल-सर्ट या गटालाच असते.

लांबून आल्यावर कोणता डेस्कटॉप उघडायचा हेही सांगून ठेवू. हे सुडोशिवाय, स्वतःच्या खात्यातच करायचं:

एको एक्सएफसीई४-सेशन > ~/.एक्ससेशन

ती लाटेसारखी खूण म्हणजे तुमचं होम फोल्डर. कळफलकावर ती सहसा वरच्या डाव्या कोपऱ्यात, एस्केपच्या खाली असते. फाइलच्या नावाच्या सुरुवातीचं टिंब महत्त्वाचं आहे, आणि त्या टिंबामुळेच ती फाइल फोल्डरमध्ये एरवी दिसत नाही.

आता घरच्या पीसीवरून लॉगआउट करा. नुसता पडदा लॉक करून भागत नाही, पूर्ण लॉगआउट. मग विंडोजच्या लॅपटॉपवर विंडोज कळ आणि आर एकत्र दाबा, एमएसटीएससी लिहा, एंटर. उघडलेल्या चौकटीत पत्ता टाका. फायरवॉल चालू केली असेल तर ती ३३८९ अडवते, म्हणून घरातल्या या चाचणीपुरती ती बंद ठेवा आणि नंतर पुन्हा चालू करा. लिनक्सच्या लॅपटॉपवर रेमिना हा प्रोग्रॅम वापरा. मॅकवर मायक्रोसॉफ्टचं विंडोज ॲप चालतं. नाव विंडोजचं असलं तरी आरडीपी बोलणाऱ्या कुठल्याही यंत्राला ते जोडतं.

प्रमाणपत्र ओळखीचं नाही असा इशारा येईल. प्रमाणपत्र पीसीने स्वतःच बनवलेलं असतं, म्हणून तो येतो. स्वतःच्या घरच्या वायफायवर पुढे जायला हरकत नाही. मग एक्सआरडीपीची छोटी लॉगिन चौकट दिसते. वरच्या यादीत एक्सऑर्ग राहू द्या, नाव आणि पासवर्ड द्या. उंदराचं चिन्ह असलेला एक्सएफसीईचा डेस्कटॉप समोर आला की अर्धं काम झालं.

रंगांच्या प्रोफाइलसाठी अधिकाराचा पासवर्ड मागणारी एक चौकट कधी कधी मध्ये येते. ती रद्द केली तरी काही बिघडत नाही.

काळा पडदा

लॉगिन होतं आणि समोर नुसता काळा पडदा, किंवा क्षणभर काहीतरी दिसून खिडकी बंद होते. एक्सआरडीपी लावणाऱ्या प्रत्येकाला हे एकदा तरी भेटतंच, म्हणून इथे जरा थांबतो.

दहातल्या आठ वेळा मला सापडलेलं कारण एकच असतं. तेच खातं घरच्या मॉनिटरवर आधीच उघडं असतं. एकाच माणसाचे दोन डेस्कटॉप एकाच वेळी एकाच पार्श्वभूमीवरच्या सेवांवर हक्क सांगायला लागतात आणि दुसऱ्याला जागा मिळत नाही. आपण लॉगआउट केलं होतं अशी तुमची खात्री असेल, तर आपोआप लॉगिन ही सेटिंग तपासा. ती चालू असेल तर पीसी वीज आल्यावर सुरू होतो आणि कोणी न विचारता तुमचं खातं उघडून बसतो. ती बंद करा. घरचे लोकही पीसी वापरत असतील तर लांबून येण्यासाठी वेगळं खातं काढणं हा सगळ्यात शांत मार्ग. आमच्याकडे आई-बाबांचं एक खातं आहे आणि माझं एक, त्यामुळे बाबा गाणी ऐकत असतानाही मी पुण्यातून काम करत असतो, आणि दोघांनाही एकमेकांचा पत्ता लागत नाही.

तरीही जमलं नाही तर पहिलं दार उपयोगी येतं. एसएसएचने आत जा आणि नोंदी वाचा:

सुडो टेल /व्हार/लॉग/एक्सआरडीपी-सेसमॅन.लॉग
टेल ~/.एक्ससेशन-एरर्स

पहिल्या फाइलमध्ये लॉगिन झालं की नाही ते कळतं, दुसरीत डेस्कटॉप का उभा राहिला नाही ते. एक्सएफसीईचं नाव लिहिताना एखादं अक्षर चुकलं असेल तर तसा प्रोग्रॅम सापडला नाही अशी सरळ ओळ दुसऱ्या फाइलमध्ये मिळते.

दार रस्त्यावर उघडू नका

इथवर सगळं घरच्या वायफायवर झालं. आता बाहेरून यायचं. इंटरनेटवर शोधलंत तर राउटरमध्ये ३३८९ पोर्ट उघडा असा सल्ला हमखास मिळेल. तो ऐकू नका, ही माझी कळकळीची विनंती आहे. या पोर्टवर जगभरातून आपोआप चालणारे प्रोग्रॅम दिवसरात्र टकटक करत असतात आणि नाव-पासवर्डच्या जोड्या लावून बघतात. मे २०१९ मध्ये विंडोजच्या आरडीपीत ब्लूकीप नावाची गंभीर चूक उघड झाली, तेव्हा तर पासवर्डशिवाय आत शिरता येत होतं. ती चूक विंडोजची होती हे खरं. पण टकटक करणारा आत कोण राहतं ते आधी विचारत नाही.

म्हणून मी एक्सआरडीपीला घराच्या दाराशीही उभं राहू देत नाही. तो फक्त पीसीच्या आत, स्वतःशीच बोलतो, आणि मी एसएसएचच्या बोगद्यातून त्याच्यापर्यंत जातो. त्यासाठी ही फाइल उघडा:

सुडो नॅनो /ईटीसी/एक्सआरडीपी/एक्सआरडीपी.आयएनआय

वरच्या ग्लोबल्स विभागात पोर्ट=३३८९ अशी ओळ आहे. ती बदलून अशी करा:

पोर्ट=टीसीपी://.:३३८९

दोन तिरक्या रेघांनंतर एक टिंब, मग विसर्गासारखी खूण, मग आकडा. त्या एकट्या टिंबाचा अर्थ फक्त याच यंत्रातून. खाली पोर्ट शब्दाच्या आणखी ओळी दिसतील, त्यांना हात लावू नका. कंट्रोल आणि ओ दाबून एंटर मारा, म्हणजे फाइल जतन होईल. कंट्रोल आणि एक्स दाबून बाहेर या आणि एक्सआरडीपी पुन्हा रीस्टार्ट करा. झालंय की नाही ते असं बघा:

सुडो एसएस -टीएलएन

यादीत ३३८९ च्या आधी १२७.०.०.१ दिसलं की दार आतून लागलं.

आता लॅपटॉपवरून बोगदा:

एसएसएच -एल १३३८९:१२७.०.०.१:३३८९ तुमचंनाव@१९२.१६८.१.२०

रेघेनंतरचा एल मोठा. अर्थ असा की माझ्या लॅपटॉपच्या १३३८९ वर जे येईल ते एसएसएचमधून नेऊन घरच्या पीसीच्या आतल्या ३३८९ वर सोड. ही खिडकी उघडीच ठेवायची. मग एमएसटीएससीत किंवा रेमिनात घरच्या पत्त्याऐवजी १२७.०.०.१:१३३८९ असा पत्ता द्यायचा. बघताना वाटतं की आपण आपल्याच लॅपटॉपला जोडतोय, पण उघडतो तो घरचा डेस्कटॉप. माझ्या लॅपटॉपवर ही लांब ओळ एका छोट्या फाइलमध्ये ठेवली आहे, रोज टाइप करत नाही.

घराबाहेरून

१९२.१६८ चा पत्ता घराबाहेर कामाचा नाही. आणि आपल्याकडे आणखी एक अडचण आहे. बऱ्याच ब्रॉडबँड जोडण्यांवर घराला स्वतःचा बाहेरचा पत्ताच मिळत नाही, अनेक घरं मिळून एक पत्ता वापरतात. राउटरच्या पानावर वॅन या नावाखाली १००.६४ पासून १००.१२७ पर्यंतच्या पट्ट्यातला आकडा दिसला तर तुमचं घर त्यातलंच. मग राउटरमध्ये कितीही पोर्ट उघडा, बाहेरून कोणी आत पोचणार नाही.

यावर मी टेलस्केल हे यंत्रं एकमेकांशी जोडणारं साधन वापरतो. ते वायरगार्ड या कूटबद्ध जोडणीच्या तंत्रावर उभं आहे आणि वैयक्तिक वापराला फुकट मिळतं. त्यांच्या संकेतस्थळावरच्या लिनक्सच्या पानावर एक ओळ दिलेली असते, ती टर्मिनलमध्ये चिकटवा. मग:

सुडो टेलस्केल अप

एक दुवा येतो, तो ब्राउझरमध्ये उघडून लॉगिन करा. लॅपटॉपवरही टेलस्केल टाकून त्याच खात्याने आत या. घरच्या पीसीला आता कायमचा, १०० ने सुरू होणारा आणखी एक पत्ता मिळतो. तो असा दिसतो:

टेलस्केल आयपी -४

बोगद्याच्या ओळीत १९२.१६८ च्या जागी हा पत्ता घाला, बाकी काही बदलायचं नाही. राउटरमध्ये काहीही उघडावं लागत नाही, कारण दोन्ही यंत्रं आतून बाहेर जोडली जातात.

एक गोष्ट आजच करून ठेवा. टेलस्केलची ओळख साधारणपणे १८० दिवसांनी संपते आणि यंत्रासमोर बसून पुन्हा लॉगिन करावं लागतं. त्यांच्या नियंत्रण पानावर घरच्या पीसीच्या नावापुढे ही मुदत बंद करायची सोय आहे. नाहीतर सहा महिन्यांनी, कुठल्या तरी घाईच्या दिवशी, घरचा पीसी यादीतून गळलेला दिसेल.

पीसी जागा राहिला पाहिजे

झोपलेला पीसी जोडणी घेत नाही. झोप पूर्ण बंद करण्यासाठी:

सुडो सिस्टीमसीटीएल मास्क स्लीप.टार्गेट सस्पेंड.टार्गेट हायबरनेट.टार्गेट हायब्रिड-स्लीप.टार्गेट

घरी पीसीऐवजी जुना लॅपटॉप ठेवला असेल तर झाकण मिटल्यावर तो झोपतो. /ईटीसी/सिस्टीमडी/लॉगिनडी.कॉन्फ या फाइलमध्ये हँडललिडस्विच या ओळीच्या आधीची जाळीची खूण काढून तिची किंमत इग्नोर करा आणि यंत्र पुन्हा सुरू करा. अशा लॅपटॉपचा एक फायदा म्हणजे वीज गेली तरी बॅटरीवर तो तग धरतो.

पीसीसाठी बायोसमध्ये, म्हणजे लिनक्स सुरू होण्याआधीच्या मूळ सेटिंग्जमध्ये, जा. वीज परत आल्यावर आपोआप सुरू हो, अशा अर्थाची एक सेटिंग असते. बहुतेक बोर्डांवर तिच्या नावात एसी पॉवर हे शब्द असतात. सांगलीकडे पावसाळ्यात वीज खेळ करते आणि ही एक सेटिंग नसती तर माझा आठवडाच बुडाला असता. राउटरला छोटा बॅटरी बॅकअप लावला तर आणखी उत्तम.

रोजच्या वापरातलं

खिडकी बंद करणं आणि लॉगआउट करणं यांत फरक आहे. खिडकी नुसती बंद केली तर आतलं काम चालूच राहतं, आणि परत जोडल्यावर जिथे सोडलं तिथूनच पुढे. मोठी फाइल उतरवायला लावून मी खिडकी बंद करतो आणि जेवायला जातो. पण परत जोडताना रंगांची खोली बदलू नका. एकदा ३२ बिट आणि नंतर १६ बिट निवडलंत तर एक्सआरडीपी त्याला वेगळा पडदा समजतो, नवीन कोरा डेस्कटॉप समोर ठेवतो, आणि तुमचं काम हरवल्यासारखं वाटतं. ते हरवलेलं नसतं. आधीचेच बिट निवडून पुन्हा जोडलं की परत मिळतं. मोबाइलच्या इंटरनेटवरून बरेचदा काम करणार असाल तर पहिल्यापासून १६ बिटच ठेवा.

वेग वाढवायचा असेल तर एक्सएफसीईच्या सेटिंग्जमधल्या विंडो मॅनेजर ट्वीक्समध्ये कंपोझिटर बंद करा आणि वॉलपेपरच्या जागी एकच सपाट रंग ठेवा. माझ्याकडे गडद निळा आहे. फोटोच्या वॉलपेपरवरून खिडकी सरकवली की मागचा फोटो पुन्हा पुन्हा पाठवावा लागतो, सपाट रंगाला जवळजवळ काहीच लागत नाही. हॉटस्पॉटवर हा फरक डोळ्यांना दिसतो. व्हिडिओ मात्र अशा जोडणीतून बघू नका, तो लॅपटॉपवरच लावा.

लाइन फारच मंद असेल तर एक्सआरडीपीऐवजी एक्सटूगो हा प्रोग्रॅम वापरून बघा. तो एसएसएचवरूनच चालतो, त्यामुळे वेगळा बोगदा लागत नाही, आणि एक्सएफसीईशी त्याचं चांगलं जमतं. मात्र लॅपटॉपवर त्याचा स्वतःचा प्रोग्रॅम टाकावा लागतो.

मराठी टाइप करणाऱ्यांसाठी थोडं सविस्तर सांगतो, कारण मी स्वतः यात बराच अडलो. लॅपटॉपवर मराठी कळफलक चालू करून दूरच्या खिडकीत टाइप केलं तर इंग्रजी अक्षरं उमटतात. आरडीपी कोणतं अक्षर टाइप केलं ते पाठवत नाही, कोणती कळ दाबली ते पाठवते. अक्षर ठरवायचं काम घरच्या पीसीचं. म्हणून लॅपटॉपवर इंग्रजीच ठेवा आणि मराठीची सोय पीसीवर करा. आयबस हा त्यासाठीचा, टाइप करायच्या पद्धती सांभाळणारा प्रोग्रॅम:

सुडो एपीटी इन्स्टॉल फॉन्ट्स-लोहित-देव आयबस आयबस-एम१७एन
आयएम-कॉन्फिग -एन आयबस

इथे देव शब्दाचं इंग्रजी स्पेलिंग डी-ई-व्ही-ए, आणि आयबसचं आय-बी-यू-एस. मग लॉगआउट करून परत या, आयबसच्या सेटिंग्जमध्ये मराठीखाली इनस्क्रिप्ट किंवा उच्चाराधारित पद्धत निवडा. जोडाक्षरं मोडकी दिसत असतील तर फॉन्ट नीट बसलेला नाही. ब्राउझर बंद करून पुन्हा उघडा, बहुतेकदा तेवढ्याने भागतं.

फायली ने-आण करायला आरडीपीत लॅपटॉपचं ड्राइव्ह जोडता येतं. ते घरच्या खात्यात थिनक्लायंट_ड्राइव्ह्ज या फोल्डरमध्ये दिसतं. एकदोन कागदपत्रांना ठीक आहे. मोठ्या फोल्डरसाठी मी एससीपी ही एसएसएचमधून फायली नेणारी कमांड वापरतो, कारण एसएसएचचं दार उघडं असलं की तेही चालतंच.

बॅग भरण्याआधी

हे सगळं घरी, पीसीच्या शेजारी बसून जमलं की निघायच्या आदल्या दिवशी एक चाचणी करा. लॅपटॉपचं वायफाय घरच्या राउटरवरून काढून फोनच्या हॉटस्पॉटवर टाका, म्हणजे तुम्ही घरात बसूनही घराबाहेर आहात. टेलस्केल, मग बोगदा, मग डेस्कटॉप, या क्रमाने जोडा. जमलं की भिंतीवरच्या बटणाने पीसी आणि राउटर दोन्हींची वीज बंद करा. आत काही न जतन केलेलं काम नाही ना, ते आधी बघा. पाच मिनिटांनी बटण चालू करा आणि पीसीला हात न लावता, मॉनिटर न लावता, हॉटस्पॉटवरूनच पुन्हा जोडा. राउटर उभा राहून टेलस्केल जागं व्हायला दोन-तीन मिनिटं लागतात, तेवढी वाट बघा.

आणि तरीही एक कागद पीसीच्या कॅबिनेटला चिकटवून ठेवा. त्यावर पीसी चालू करायचं बटण कोणतं, राउटरची तार कोणती आणि तुमचा फोन नंबर. आमच्या कागदावर आईने स्वतःच्या अक्षरात एक ओळ घातली आहे: पासवर्ड उमटत नाही, तरी लिहायचा.